साईट फाईलची यादी मिळेल हो, आधी तारखांचं बघू

प्रश्न वाचला. तुमचं थोडक्यात असं आहे, की मडगावच्या एका छोट्या खाजगी हॉस्पिटलात तुम्ही नुकत्याच कोऑर्डिनेटर म्हणून लागलात, हॉस्पिटलचा हा पहिलाच क्लिनिकल ट्रायल (पेशंटवर औषधाची चाचणी), तीन आठवड्यांनी इनिशिएशन व्हिजिट (ट्रायल सुरू करून द्यायची भेट) आहे, स्पॉन्सरने, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीने, टॅब लावलेल्या दोन जाडजूड रिकाम्या साईट फायली (साईट म्हणजे ट्रायल चालतो ती जागा, इथे तुमचं हॉस्पिटल) कुरिअरने पाठवून दिल्यात आणि डॉक्टर म्हणतात "तू बघून घे". तुम्हाला हवीय एक पक्की यादी, कुठला कागद कुठल्या टॅबमागे जातो याची, म्हणजे उद्या ऑडिट आलं तरी काही निघायला नको.

यादी तर तुमच्याकडे आधीच आहे. त्या फाईलचं पहिलं पान म्हणजे इंडेक्स तीच यादी, आणि तिचं मूळ बघायचं असेल तर आयसीएच जीसीपी, म्हणजे ट्रायल नीट कसा चालवायचा याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांच्या, ई६ आर२ आवृत्तीतलं आठवं प्रकरण काढा, त्यात ट्रायलच्या आधी, चालू असताना आणि संपल्यावर असे तीन तक्ते आहेत आणि कुठला कागद साईटकडे, कुठला स्पॉन्सरकडे, कुठला दोघांकडे हे खुणा करून दिलंय. जानेवारी २०२५ मध्ये आर३ फायनल झालं, तिथे 'डॉक्युमेंट' जाऊन 'रेकॉर्ड' शब्द आला आणि यादी परिशिष्टात गेली, पण तुमच्या प्रोटोकॉलमध्ये (ट्रायलच्या ठरलेल्या आराखड्यात) आणि करारात जे व्हर्जन लिहिलंय ते धरून चाला. हे एका संध्याकाळचं वाचन आहे.

मी चौदा वर्षं या धंद्यात आहे. पहिली पाच कोऑर्डिनेटर, मग मॉनिटर (स्पॉन्सरतर्फे साईट तपासणारी) म्हणून दुसऱ्यांच्या फायली उघडत फिरले, आता परत साईटवर. दुसऱ्यांच्या फायली बघताना एक गोष्ट लक्षात आली, की कागद हरवलाय म्हणून शेरा फार कमी वेळा येतो. कागद असतो, टॅबही बरोबर असतो, पण एका कागदावरची तारीख दुसऱ्या कागदावरच्या तारखेशी भांडत असते. सिस्टरने पेशंटचं बीपी घेतलं ४ तारखेला आणि डेलिगेशन लॉगवर (कोणाला कुठलं काम दिलंय त्या यादीवर) तिचं नाव चढलं ११ ला. कन्सेंट फॉर्मवर (पेशंटची लेखी संमती) सही झाली सोमवारी, फॉर्मच्या त्या व्हर्जनला एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघून ट्रायलला परवानगी देणारी समिती) मंजुरी आली बुधवारी. दोन्ही कागद आपापल्या टॅबमागे नीट लावलेले. यादी घेऊन टिक करत बसलात तर दोन्हीला टिक मिळेल आणि घोळ दिसणारही नाही. या फाईलीतल्या कागदांना एसेन्शियल डॉक्युमेंट म्हणतात, त्याचा अर्थच असा आहे, की उद्या कोणी तिऱ्हाईत माणूस आला आणि तुम्ही, डॉक्टर, सिस्टर कोणीच तिथे नसलात तरी नुसते कागद वाचून त्याला ट्रायल कसा चालला हे कळलं पाहिजे.

म्हणून मी नवीन मुलींना एकच व्यायाम देते. एक पेशंट घ्या, समजा ००३, आणि त्याच्या मागे मागे फाईलभर चालत जा. त्याच्या कन्सेंट फॉर्मच्या तळाला व्हर्जन नंबर आणि तारीख आहे ती बघा. आता एथिक्स कमिटीचं मंजुरीचं पत्र काढा, त्यात तेच व्हर्जन, तीच तारीख, तीच भाषा लिहिलीय का, आणि पत्राची तारीख सहीच्या आधीची आहे का. सीडीएससीओची (देशाच्या औषध नियामकाची) परवानगी सहीच्या आधीची आहे का. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी पहिला पेशंट घेण्याच्या आधी झालीय का, ही नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे तरी अजून लोक 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणून सांगतात. कन्सेंट कोणी घेतला, त्याचं नाव डेलिगेशन लॉगवर त्या कामासमोर आहे का, त्या व्हर्जनचं ट्रेनिंग त्याने आधी घेतलं का. मग रक्त कुठल्या लॅबला गेलं, त्या लॅबचं सर्टिफिकेट त्या दिवशी चालू होतं का आणि नॉर्मल रेंजचा कागद त्याच काळातला आहे का. मग औषधाचा किट नंबर, तो डिस्पेन्सिंग लॉगवर, तोच रिसीट वर, आणि त्या दिवशीचं फ्रीजचं तापमान. एवढं एका पेशंटचं सरळ लागलं म्हणजे अर्धी फाईल तपासून झाली समजा. पहिला पेशंट झाल्यावर लगेच करा हे, दहा पेशंट झाल्यावर केलंत तर तीच चूक दहादा सापडेल.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण मी सांगितलेलं जसंच्या तसं उचललं आणि तुमच्या स्पॉन्सरची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) वेगळी निघाली तर मला शिव्या घालाल. फाईल कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक, हे पहिलं. अर्धी कागदी अर्धी पोर्टलवर असेल तर कुठला कागद कुठे मूळ आहे याचं एक पान लिहून पहिल्याच टॅबमागे लावा, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहतं. दुसरं, तुमच्या हॉस्पिटलची स्वतःची एथिक्स कमिटी आहे का. नसेल तर २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली नोंदणीकृत कमिटी चालते, मडगावहून पणजीकडची कमिटी त्यात सहज बसते. पण मग तिच्या नोंदणीचं पत्र, सभासदांची यादी, मीटिंगला कोण हजर होतं, हे सगळं दुसऱ्याच्या ऑफिसातून मागून आणायचं काम तुमच्यावर येतं, आणि नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते ती ट्रायलच्या मध्येच संपतेय का हे आजच बघून ठेवा. तिसरं, तुमच्याच डॉक्टरांचं नाव कमिटीच्या यादीत असेल तर तुमच्या प्रोजेक्टवर मत देताना ते बाजूला झाले असं पत्रात लेखी हवं.

कन्सेंट फॉर्मवर जरा जास्त लिहिते, कारण गोव्यात हे प्रकरण बाहेरच्या मॉनिटरना पटकन कळत नाही. आमच्याकडे पेडणे, डिचोली, सत्तरी भागातला पेशंट घरी कोकणी बोलतो आणि वाचतो मराठी. सासष्टीतला एखादा अंकल कोकणीच बोलतो पण वाचतो रोमी (रोमन) लिपीत, त्याला देवनागरी कोकणी फॉर्म दिलात तर तो हसून सही करेल आणि एक ओळ वाचलेली नसेल. वास्कोच्या बाजूला कन्नड, हिंदीवाले कामगार. स्पॉन्सर 'गोवा म्हणजे कोकणी' धरून एकच भाषांतर पाठवतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीलाही जागा आहे, पण पेशंटच्या बाबतीत कायद्यापेक्षा तो काय वाचतो हे महत्त्वाचं. तेव्हा इनिशिएशनच्या आधीच सांगून टाका की मराठी पण लागेल, इंग्रजी पण लागेल, आणि प्रत्येक भाषेसाठी भाषांतराचं सर्टिफिकेट, उलट भाषांतर आणि कमिटीची मंजुरी असा तिहेरी संच फाईलला आला पाहिजे. पेशंटच्या केस पेपरवर एक ओळ लिहा, "घरी कोकणी बोलतात, मराठी वाचतात, मराठी फॉर्म दिला, वाचायला वेळ दिला, प्रश्न विचारले, सही ११:२० ला, एक प्रत दिली". ही ओळ पाच वर्षांनी सोन्यासारखी. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतलात तर निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ बसलेला पाहिजे, आणि तो आपल्याच ओपीडीतला वॉर्डबॉय नको.

आपल्याकडच्या फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, पत्ता आणि नॉमिनीचं नाव हे रकाने असतात, परदेशी टेम्प्लेटवर काम केलेल्यांच्या हे लक्षात राहत नाही. नॉमिनीचा रकाना रिकामा ठेवू नका, नुकसानभरपाईचा विषय आला की पहिला तोच बघतात.

आणि जुन्या व्हर्जनचे कोरे फॉर्म. हा माझा स्वतःचा किस्सा आहे. नवीन व्हर्जन मंजूर झालं, मी नवीन गठ्ठा छापून आणला, फाईलमध्ये सगळं व्यवस्थित लावलं, आणि ओपीडीच्या टेबलाच्या खणात जुन्याचे आठ-दहा फॉर्म राहिले. शनिवारी गर्दीत सब-इन्व्हेस्टिगेटरने (मुख्य डॉक्टरांच्या हाताखालच्या डॉक्टरने) खण उघडला, हाताला लागला तो फॉर्म घेतला. दोन पेशंट जुन्या व्हर्जनवर. परत बोलवा, परत समजावून नवीन सही घ्या, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं झालं त्याची नोंद) लिहा, कमिटीला कळवा. एक मामा तर डिचोलीहून कदंबाच्या दोन बस बदलून आले होते आणि मला म्हणाले, "बाय, परवाच सही केली नी गे!" काय सांगणार. तेव्हापासून मंजुरीचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी जुने कोरे फॉर्म सगळ्या खणांतून गोळा करायचे, एक प्रत 'रद्द' लिहून, सही-तारीख घालून फाईलला, बाकीचे फाडायचे. खण म्हणजे सगळे खण.

डेलिगेशन लॉगचं एवढंच, की माणूस कामाला हात लावायच्या आधी त्याचं नाव, सही, इनिशियल्स, कामं आणि सुरुवातीची तारीख चढली पाहिजे, आणि डॉक्टरांची सही त्याच दिवसाची. रजेवर जाणाऱ्या सिस्टरच्या जागी येणारी सिस्टर विसरू नका. सीव्ही सही-तारखेसह, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मुदतीत, जीसीपीचं सर्टिफिकेट. हे सगळं मुदत संपणारं सामान एका कागदावर लिहून भिंतीवर लावा, त्यात इन्शुरन्स पॉलिसी आणि फ्रीजच्या थर्मामीटरचं कॅलिब्रेशनही आलं.

चूक झाली तर काय? होणारच. मागची तारीख घालून सही करू नका, बस. मी ज्या एका साईटवर मॉनिटर होते (नाव नको) तिथे औषधाच्या खोलीचा तापमानाचा लॉग इतका सुंदर होता की मला संशयच आला, सगळीकडे एकच पेन, एकच अक्षर, रोज सकाळी ९:०० आणि संध्याकाळी ५:००, रविवार नाही की पालखी नाही. पानं उलटत गेले तर जूनच्या पानावर शेवटची ओळ, ३१ जून, सकाळी २३.४, संध्याकाळी २३.६. फार्मासिस्ट बिचारा महिनाअखेरीला एका बैठकीत सगळं भरायचा. खरं तर खोलीत एसी चालू होता, डेटा लॉगरही (आपोआप तापमान नोंदवणारं यंत्र) होता, त्यातले आकडे ठीक निघाले. पण त्या एका ओळीने त्या साईटचा प्रत्येक कागद संशयात आला, अगदी खरे होते तेही. रविवारी कोणी नव्हतं तर "रविवार, लॉगर बघा" लिहावं, कोणी खात नाही.

चुकीची दुरुस्ती म्हणजे एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर ते, इनिशियल, आजची तारीख, आणि गरज असेल तर कारण. व्हाईटनर ऑफिसातून हद्दपार करा, अकाउंट्सवाल्यांकडून उसना पण आणू नका. उशिरा लिहिलं तर 'उशिरा नोंद' असं लिहून आजची तारीख. मोठा घोळ असेल तर नोट टू फाईल, काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय केलं. पण नोट टू फाईलला चटावू नका, मी एक फाईल बघितली त्यात त्रेचाळीस नोट होत्या, तीच सिस्टर, तीच चूक. नोटेने चूक समजते, बंद होत नाही.

गंभीर घटनांची, म्हणजे एसएईची, फाईल तर घड्याळ समोर ठेवूनच लावायची. नियमाप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने (ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांनी) घटना घडल्यापासून २४ तासांत तिघांना कळवायचं, केंद्रीय परवाना अधिकारी, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटी, पुढे सविस्तर विश्लेषणाचा रिपोर्ट १४ दिवसांत. आता गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) काय होतं तुम्हाला माहितीय, हॉस्पिटल चालू असतं पण ऑफिसं ओस. एका वर्षी चवथीच्या रात्री आमचा एक पेशंट छातीत दुखतं म्हणून दुसऱ्याच हॉस्पिटलात ॲडमिट झाला, मुलाने मला फोन केला तिसऱ्या दिवशी सकाळी. २४ तास कधीच उलटलेले. अशा वेळी उशीर का झाला ते लेखी द्यावं लागतं, आणि तिथे कामाला आला एक साधा कागद, मी फोन ठेवल्या ठेवल्या लिहिलेली नोंद, कोणाचा फोन, किती वाजता, काय सांगितलं. त्या वेळेपासून पुढचे सगळे ईमेल मोजले गेले. कमिटीचं ऑफिस बंद म्हणून इनवर्ड शिक्क्याची वाट बघत बसू नका, ईमेल पाठवा, त्याची प्रिंट लावा, शिक्का ऑफिस उघडल्यावर घ्या आणि दोन्ही एकत्र फाईल करा. ईमेलमध्ये आणि स्पॉन्सरला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये पेशंटचं नाव, केस नंबर काळं केलंय का ते दोनदा बघा. कोण ००३ आहे हे सांगणारी यादी फक्त साईटकडे राहते, स्पॉन्सरने कितीही गोड बोलून मागितली तरी कॉपी द्यायची नाही, मॉनिटरला समोर बसवून दाखवायची.

आता पाऊस. तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंय की "कपाट कुठलंही चालेल ना". नाही चालणार. माझी पहिली फाईल मी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवली होती, वर प्रत्येक कागदाला प्लास्टिकचं पाकीट, दिसायला छान. जुलैत उघडलं तर कागदांना पांढरी बुरशी, स्टेपलच्या पिना गंजून कागदावर तपकिरी डाग, आणि ईसीजीच्या पट्ट्या, त्या थर्मल पेपरच्या असतात, पाकिटाला चिकटून अर्ध्या पुसट झालेल्या. प्लास्टिकच्या संपर्कात थर्मल पेपर लवकर उडतो हे तेव्हा माहीत नव्हतं. तीन पेशंटचे बेसलाईन ईसीजी, परत कुठून आणणार? आता नियम असा, ईसीजी निघाला की त्याच दिवशी झेरॉक्स, त्यावर 'मूळ प्रतीवरून पडताळली', सही, तारीख, आणि मूळ पट्टी कागदी पाकिटात त्याच्या मागे. कपाट आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, कुलूपबंद, किल्ली कोणाकडे याची नोंद. सिलिकाची पाकिटं दर महिन्याला बदला. स्टेपलच्या पिना नकोत, भोकं पाडून लावा. वाळवी खालून येते, पेस्ट कंट्रोलवाल्याला कपाट हलवून मारायला सांगा, तो कपाटाभोवती गोल मारून निघून जातो.

वेळ कसा काढायचा ते विचारलंत. मी दर शुक्रवारी जेवणानंतर एक तास फोन बाजूला ठेवून बसते. आठवड्यात जे कागद आले ते त्याच दिवशी लागलेले असतातच, शुक्रवारी फक्त एका पेशंटची वाट चालायची आणि एका लॉगची शेवटची तारीख बघायची. "नंतर लावीन" म्हणून ट्रेमध्ये ठेवलेला कागद तीन महिन्यांनी कुठल्या ईमेलला जोडून आला होता हे तुम्हालाच आठवणार नाही. ईमेल मात्र सगळे छापू नका, निर्णय ज्यात आहे तेवढेच, "थँक्स", "नोटेड" वाले सोडून द्या.

तेव्हा या तीन आठवड्यांत एवढं करा: इंडेक्स आणि आठवं प्रकरण शेजारी ठेवून काय आलंय, काय यायचंय ते मार्क करा. सगळ्या भाषांचे फॉर्म आणि कमिटीचं पत्र अक्षर अक्षर जुळवा. सुरुवातीच्या टीमचा डेलिगेशन लॉग इनिशिएशनच्या दिवशीच भरा, आधीही नको नंतरही नको. कपाटाची जागा ठरवा.

एक राहिलं, आणि ते आत्ताच बघा कारण करारावर सही झाली की हातातून गेलं. ट्रायल संपल्यावर या फायली किती वर्षं, कुठे, कोणाच्या खर्चाने ठेवायच्या? आर२ म्हणतं शेवटच्या मार्केटिंग मंजुरीनंतर किमान दोन वर्षं, पण करारात बहुतेक वेळा १५ वर्षं लिहितात, आणि युरोपच्या नियमात ट्रायल मास्टर फाईल (ट्रायलच्या सगळ्या मुख्य कागदांची फाईल) २५ वर्षं ठेवायची आहे. छोट्या हॉस्पिटलात पंधरा खोकी पंधरा वर्षं ठेवायला जागा नसते, डॉक्टर मध्येच हॉस्पिटल सोडतात आणि मग किल्ली कोणाकडे तेच माहीत नसतं. स्टोरेजचा खर्च स्पॉन्सर देईल, डॉक्टर गेले तर फायलींचा ताबा कोणाकडे जाईल, आणि स्पॉन्सरच्या लेखी पत्राशिवाय एकही कागद नष्ट होणार नाही, ही तीन वाक्यं करारात आहेत का ते आज संध्याकाळी डॉक्टरांकडून कॉपी मागून वाचा. नसतील तर कुठल्या कलमात घालायची ते इथेच विचारा, मी सांगते.